डोक्यावरचा हात

मतदानाच्या आदल्या दुपारी उमेदवाराच्या कचेरीत अकरा बायका होत्या, चौदा मुलं होती आणि खुर्ची एकच होती. खुर्चीवर उमेदवाराची आत्या बसली होती. सगळी वस्तीच तिला आत्या म्हणे. एकेक बाई पुढे येई, आपल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवी आणि मत भाच्यालाच देईन असं म्हणे. आत्या मान डोलवी आणि मुलाच्या हातावर खाऊ ठेवी. प्रत्येक निवडणुकीत हे असंच चाले.

इस्त्रीवालीनेही आपल्या चार वर्षांच्या मुलीच्या केसांवर हात ठेवला. शब्द तोंडातून निघाले, मन मात्र नळावर होतं. गटाराजवळ पाइप फुटून वर्ष होत आलं होतं, पाण्याला वास मारत होता आणि दुरुस्ती उद्या करतो म्हणणाऱ्या भाचेसाहेबांचा उद्या काही उजाडत नव्हता. मतदानाच्या दिवशी आडोशाला एकटी उभी असताना तिने भाच्याविरुद्ध उभ्या असलेल्या मास्तरीणबाईंचं बटण दाबलं. नवऱ्याच्या कानावरही घातलं नाही.

दोनच दिवसांत मुलीला ताप भरला.

निकाल लागायचा होता, पण आत्याची फेरी सुरू झाली होती. मत कुणाला दिलं, हे ती कधीच विचारत नसे. उंबऱ्याशी टेकायची, सासूसुनांची ख्यालीखुशाली घ्यायची आणि मऊ आवाजात विचारायची, लेकरं बरी आहेत ना सगळी? ज्या घरात मूल आजारी, त्या घराने शपथ मोडली, हा तिचा हिशेब. मागच्या खेपेला असं एक घर सापडलं होतं. महिनाभरात त्या घराला कुलूप लागलं. तेव्हापासून मतदानानंतर वस्तीतलं एकही मूल दवाखान्यात दिसत नसे. आजारी मुलं घरात लपवली जात. त्यांतली सगळीच बरी होत नसत.

सासूने नातीला कपड्यांच्या गाठोड्यांमागे निजवलं होतं.

"आत्याचे पाय धर," ती कुजबुजली. "चुकलं म्हण. ती शपथ उतरवेल."

"आणि ताप कोण उतरवेल, आई?"

इस्त्रीची टपरी भाच्याच्याच जागेत होती. ती गेली तर चूल कशी पेटणार, एवढंच सासू पुन्हा पुन्हा पुटपुटत राहिली. तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. आत्या उंबऱ्यात टेकली. कपडे फार साठलेत की, असं हसत हसत म्हणाली आणि तिची नजर गाठोड्यांवर फिरू लागली. मागून मुलगी कण्हली.

सासूने डोळे मिटून घेतले. इस्त्रीवाली उठली, गाठोडी बाजूला सारली आणि मुलीला खांद्यावर घेतलं. अंग पोळत होतं.

"लेकरू कुठं निघालं गं?" आत्याने विचारलं.

"दवाखान्यात. ताप आहे."

"म्हणजे कळलंच म्हणायचं."

"कळू दे, आत्या. पाय जरा आत घ्या, मला जायचंय."

भर उन्हात ती वस्तीच्या मधल्या रस्त्याने गेली. दारं किलकिली झाली. कुणी हाक मारली नाही. आत्या मागे उभी राहून पाहत होती, हे तिला न वळताही जाणवत होतं.

दवाखान्यात बाकावर टेकते न टेकते तोच समोरच्या घरातली शिंपीण धापा टाकत आत शिरली. चादरीत तिचा मुलगा होता, तोही तापाने फणफणलेला. दोन दिवस तिने त्याला शिलाई मशीनखाली निजवलं होतं.

"मी तर भाच्यालाच मत दिलं गं," ती रडकुंडीला आली होती. "शपथेवर सांगते." आणि तिने स्वतःच जीभ चावली. "पण कोण खरं मानणार होतं? तू निघालेली दिसलीस, म्हणून निघाले."

इस्त्रीवालीने सरकून तिला जागा दिली.

नर्सने दोन्ही मुलांच्या काखेत थर्मामीटर लावले, वेळ झाल्यावर काढून खिडकीच्या उजेडात धरले आणि डॉक्टरांना आकडे सांगितले. मुलगी, एकशे तीन. मुलगा, एकशे तीन.