डाव्या बाहीवरची पट्टी

"हात वर करा," तपासणीच्या दारावरचा शिपाई म्हणाला.

भावोजींनी उजवा हात वर केला.

"दोन्ही."

"दुसरा कधीच वर गेलाय," भावोजी म्हणाले. "तिकडं झाली असेल त्याची तपासणी."

शिपायाने त्यांच्या डाव्या बाहीकडे पाहिले. रिकामी बाही कोपराच्या वर दुमडून पिनेने अडकवलेली होती. तो बिचारा इतका ओशाळला, की मला तपासायचेच विसरला आणि धावत जाऊन आमच्यासाठी खुर्च्या घेऊन आला. भावोजी हा विनोद नव्या माणसावर एकदाच वापरतात आणि त्याची पुरेपूर वसुली करतात.

मी जन्मभर एका गोदामात आलेला माल तपासून घेतला. पोते स्वतः उचलून पाहिल्याशिवाय त्यावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा नाही, ही तिथली सवय. ताईचे लग्न ठरले तेव्हा तिच्या नवऱ्यालाही मी असाच जोखला होता. तिरसट, हट्टी, बोलायला कंजूष, जेवायला बरा. पुढे माझ्या हिशोबात दुरुस्ती करावी लागली. वजन धरले होते त्यापेक्षा पुष्कळच जास्त निघाले.

गल्लीत त्यांना सगळे 'कर्नल' म्हणतात. न्हावी म्हणतो, दूधवाला म्हणतो, आणि उधारी मागायला आलेला माणूस तर 'कर्नलसाहेब' म्हणतो. फुकटच्या या बढतीला काही तोटा नव्हता. पण फौजेचे दफ्तर मात्र त्यांना साधी एक पट्टी द्यायला तयार नव्हते. दफ्तरात ते नाईक होते, म्हणजे बाहीवर दोन पट्ट्या. भावोजींचे म्हणणे होते की जखमी झाले त्या दिवशी ते हवालदार होते, म्हणजे तीन. अर्जामागून अर्ज गेले आणि जसेच्या तसे परत आले. ते सगळे आमच्या ओळखीच्या एका वकिलाने लिहिलेले. त्यांत त्याने रणांगण, रक्त आणि शौर्य इतके ठासून भरले होते, की पट्टीला जागाच उरली नव्हती.

या वेळी मात्र दफ्तरात नवी अधिकारी बाई आली होती. तिने कागद बाजूला ठेवून माणसालाच बोलावले, साक्षीदारासह.

साक्षीदार आमच्या शेजारी बसला होता. तुकडीतला वायरलेसवाला. तोफांनी त्याचे कान गेले होते आणि आपले गेले म्हणजे जगाचेही गेले असतील, अशा समजुतीने तो बोलत असे.

"वहिनी काय म्हणाल्या निघताना?" त्याने विचारले. लांबवर बसलेल्या टायपिस्टने मान वर केली.

"तुझी वहिनी म्हणाली, काम झालं नाही तर तोंड वाकडं करून घरी येऊ नका. तिला बघायला हे एकच तोंड आहे."

वायरलेसवाला एवढ्याने हसला, की शिपाई पुन्हा आला. या वेळी खुर्ची न घेता.

आत अधिकारी बाई एकटीच होती. वयाने माझ्या मुलीएवढी, केस घट्ट बांधलेले, टेबलावर नको ती एक वस्तू नाही. मला असे टेबल आवडते.

"बसा. अर्जात लिहिलंय, रणभूमीवर पदोन्नती झाली. म्हणजे नेमकं काय झालं? लढाई नको. फक्त पट्टीचं सांगा."

भावोजींनी तिच्याकडे जरा नीट पाहिले. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. मीसुद्धा.

"सकाळी आमचे हवालदार गेले," ते म्हणाले. "कॅप्टनसाहेब सरपटत आमच्यापर्यंत आले. म्हणाले, आता तुकडी तुझी. हवालदारांच्या बाहीवरची पट्टी चाकूनं उसवली. एकच धड निघाली. ती माझ्या दोन पट्ट्यांच्या वर लावली."

"सुईदोरा होता तिथं?"

"कुठला हो! जखमेवर लावायची चिकटपट्टी होती."

"मी लावली!" वायरलेसवाला गरजला. "ह्याला म्हटलं, हलू नको, वाकडी बसेल. वरून गोळे पडतायत आणि मी म्हणतोय, वाकडी बसेल!"

"जरा हळू बोला."

"हळूच बोलतोय, मॅडम!"

बाईच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. तिने तो लगेच जागेवर आणला.

"कोणत्या बाहीला लावली?"

"डाव्या," भावोजी म्हणाले.

"आणि उजव्या?"

"साहेब म्हणाले, उजवीचं नंतर बघू. दुपारी तेपण गेले."

तिने पेन खाली ठेवले.

"हॉस्पिटलात तुमची डावी बाही कापली."

"हातासकट."

"म्हणजे तिथल्या कारकुनानं पट्ट्या मोजल्या त्या..."

"राहिलेल्या हातावरच्या. दोन. त्याची काय चूक? समोर होत्या तेवढ्या त्यानं मोजल्या."

इतकी वर्षे मी या माणसाच्या घरी जेवतो आहे. पट्टीची गोष्ट कैकदा ऐकली होती, पण बाही कोणती हे विचारायचे मला सुचले नव्हते. आणि त्या कारकुनाच्या जागी मी असतो तर मीही दोनच लिहिल्या असत्या, वर चोख काम केल्याचे समाधान मिळवले असते.

बाईने फाइल पुढे ओढली. आता तिचा आवाज बदलला होता.

"एक सांगते, ते नीट ऐका. त्या दिवसाची चौकशी झाली होती. त्यात म्हटलंय, हुकूम देणारा कुणी जिवंत नव्हता. तुकडीनं हुकमाविना ठाणं सोडलं. आणि मशीनगनवाला मागे राहून गेला, तो मेला. आता तुम्ही हवालदार होतात असं मी मान्य केलं, तर ठाणं हुकमानं सोडलं असं होतं. हुकूम तुमचा."

"माझाच होता. जखमींना घेऊन खाली उतरा म्हणालो."

"आणि मशीनगनवाला?"

"तो राहिला नाही, मॅडम. मी ठेवला. आम्ही उतरेपर्यंत गन चालू ठेव म्हणालो. त्यानं ठेवली."

"मग त्याचं मरण तुमच्या हुकमाखाली लिहिलं जाईल. कायमचं. पेन्शनमध्ये पडणारा फरक किरकोळ आहे. आज सगळे तुम्हाला मानतात. हे कशाला मागून घेताय? अजून विचार करा."

"तेवढ्यासाठीच आलोय," भावोजी म्हणाले.

वायरलेसवाल्याला हे ऐकू गेले असावे. कारण त्याने मान खाली घातली.

त्या मशीनगनवाल्याला तुकडीत 'लांब्या' म्हणत. त्याची धाकटी बहीण इस्त्रीचे दुकान चालवते. हॉस्पिटलातून सुटल्या सुटल्या भावोजी तिच्याकडे गेले होते आणि खरे काय ते तिला सांगितले होते. तिने त्यांना पाणी दिले आणि म्हणाली, "दादा, तुम्ही माझी समजूत काढायला आलात, बरं वाटलं. पण फौजेनंच कळवलंय, मागे राहून गेला. आणि दोन पट्ट्यांवाला असा हुकूम देतो का? आमचा भाऊ लहानपणापासून कुठंही झोपायचा. बसल्या जागी, उभ्यानं, जेवता जेवता. तिथंही झोपला असेल." गावातही तेच बोलले जाई, हसत हसत. हसण्यात सगळ्यात पुढे ती स्वतः असे, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते काम करावे लागू नये.

भावोजी परत आले आणि पहिला अर्ज टाकला. एका पट्टीसाठी एवढी हाव कशाला, असे मी ताईला एकदा म्हणालोही होतो. ताईने माझ्या पानात वाढता वाढता हात आखडता घेतला होता, एवढेच.

हवालदारकी मान्य केल्याचा निकाल आला तेव्हा तो भावोजींनी दोनदा वाचला आणि ताईला म्हणाले, "कोट काढ." जुना फौजी कोट. त्याला इस्त्री हवी होती, असे त्यांचे म्हणणे. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच इस्त्रीवाला आहे, हे मी बोललो नाही. मलाही थोडे कळू लागले होते. आम्ही बस पकडली.

लांब्याची बहीण आता केसांनी पांढरी झाली होती. लोखंडी इस्त्री पेलायला मात्र अजून तीच. तिने भावोजींना ओळखले, निकाल घेतला आणि दुकानाच्या उजेडात धरून सावकाश वाचला. ओठ हलत होते.

"तुम्ही ठेवलंत त्याला," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे मारलंत."

मी पुढे सरकलो. भावोजींनी हातानेच मला मागे केले.

"हुकूम माझा होता," ते म्हणाले.

"दुसऱ्या कुणाला का नाही ठेवलंत? माझाच बरा सापडला?"

"बाकीच्यांचे हात थरथरत होते. तो शांत होता. दुसऱ्या कुणाला ठेवलं असतं तर आम्ही खाली पोचलो नसतो. आम्ही वाटेवर होतो तोवर गन ऐकू येत होती. एकदाही थांबली नाही."

ती इस्त्रीकडे पाहत राहिली. बाहेर कुणीतरी "झाले का माझे कपडे?" म्हणून विचारून गेले.

"जागा होता म्हणजे," ती म्हणाली.

"टक्क जागा."

तिने डोळ्यांना पदर लावला नाही. हात पुढे केला. "आणा तो कोट."

कोटाबरोबर भावोजींनी खिशातून नवी पट्टी काढून टेबलावर ठेवली. गिऱ्हाइकांची तुटलेली बटणे लावायला तिच्याकडे सुईदोरा असतोच. तिने उजवी बाही मांडीवर घेतली, दोन जुन्या पट्ट्यांच्या वर तिसरी बोटाने मोजून बसवली आणि बारीक टाक्यांनी शिवू लागली. काम पाहून माणूस कळतो. एकही टाका तिरका नव्हता. शेवटी तिने दोरा दातांनी तोडला आणि डावी बाही ओढून घेतली.

"डावीसाठी दुसरी आणलीत ना?"

"नको," भावोजी म्हणाले. "ती हाताबरोबर तिथंच आहे."

तिने वर पाहिले, मग मान हलवली. डाव्या बाहीची पिन काढून तिने ती स्वतःच्या पदराला अडकवली. इतकी वर्षे दुमडून राहिलेल्या त्या बाहीला मधोमध घडीची काळपट आडवी रेघ पडली होती. तिने त्यावर पाणी शिंपडले, बाही टेबलावर पूर्ण लांब पसरली आणि खांद्यापासून मनगटापर्यंत, आत हात असल्यासारखी, सावकाश इस्त्री फिरवली.