तीनशे अकरा बरोबर वागली

टाचणी गंजलेली होती, आणि तिचा तांबूस डाग वरच्या पाच-सहा कागदांतून खाली झिरपला होता. एक्केचाळीस कागद एकाच टाचणीत कोंबायची अक्कल वर्गप्रतिनिधी भागवतची. पोरगं मघाशी गठ्ठा देताना कौतुकाची वाट बघत उभं होतं. मंजुषाने टाचणी उपसली, ती बोटात घुसली, आणि शिक्षकखोलीत कोणी नाही हे पाहून तिने एक शिवी हासडली. बोट तोंडात घालून ती पहिला कागद वाचायला लागली. ‘या कादंबरीतून आपल्याला वेळेचे महत्त्व कळते.’

वेळेचे महत्त्व! ‘गोष्टी काय, खोट्याच असतात’ म्हणणाऱ्यांशी जूनपासून भांडून तिने ही कादंबरी नववीच्या अवांतर वाचनात आणली होती — घंटेचं शहर. सहा प्रती, एक्केचाळीस मुलं, म्हणून दर शनिवारी शेवटच्या तासाला ती स्वतः मोठ्याने वाचून दाखवायची. एक शहर, भोवती भिंत, सगळं घंटेवर — उठणं, जेवणं, झोपणं. मूल पाच वर्षांचं झालं की आईबापांकडून काढून संगोपनगृहात न्यायचं, नाव पुसून आकडा द्यायचा. आईचं नाव घेतलं की शिक्षा. आणि त्यातली एक मुलगी, क्रमांक तीनशे अकरा, आईचं नाव रोज मनातल्या मनात घोकते आणि शेवटच्या पानावर भिंत चढून जाते — पलीकडे आई आहे की नाही हे ठाऊक नसताना. दिवाळीच्या सुट्टीत दोन पानं लिहून आणा, असं तिने तीन-तीनदा बजावलं होतं. सारांश नको, बोध नको. तुम्हाला काय वाटलं ते लिहा... तुम्हाला.

दुसरा कागद. ‘घंटा झाली की सर्वांनी उठावे हा बोध मिळतो.’ तिसरा, चौथा, सहावा — वेळेचे महत्त्व, शिस्तीचे महत्त्व, पुन्हा वेळेचे. सतरा जणांनी तेच लिहिलं होतं. मेल्यांनी निदान शब्द तरी बदलायचे. सगळे एकसारखं बोलतात अशा शहराची गोष्ट वाचून सतरा पोरं एकसारखं लिहितात, यावर हसायचं की कपाळ बडवायचं? अमरसिंहने — घरात दोन पिढ्यांची सरपंचकी — लिहिलं होतं की असं शहर आपल्याकडे झालं तर त्याचा अध्यक्ष मी होईन आणि भिंत अजून उंच बांधीन, म्हणजे कोणी पळणार नाही. एकाला शेवट अपुरा वाटला होता. भिंतीपलीकडचं सांगितलं नाही, सबब लेखकाचे दोन मार्क कापावेत. आणि संस्कृतीने, जिच्या वस्तीवर आठवड्यातून एकदा टँकर येतो, दोन पानांऐवजी चारच ओळी लिहिल्या होत्या: ‘तिथे नळाला रोज सकाळी सात वाजता पाणी येते. जेवण पण येते. मग ती पळाली कावून?’

या प्रश्नाखाली तिने लाल पेन टेकवलं आणि काही न लिहिता उचललं.

“झालं का तपासून?” मुख्याध्यापक पंडित सर चहाचा कप घेऊन दारात उभे. “मॅडम, राग मानू नका, पण हे बोर्डाला येणार हाय का?”

“नाही सर.”

“मग कशाला डोक्याला ताप? पोरं घाबरत्यात म्हणं. वसतिगृहातली दोघं काल घंटा झाली तर जेवायलाच येईनात. म्हणले, आमी आकडे न्हाईत.”

तिला एकदम इतका आनंद झाला की तो लपवायला तिने कागद उचलून तोंडासमोर धरला. म्हणजे कोणाच्या तरी डोक्यात शिरलं होतं! पण सर गेले आणि आनंदही गेला, कारण त्या दोघांनी — तिने गठ्ठ्यात शोधून पाहिलं — कागदावर वेळेचे महत्त्वच लिहिलं होतं. पेपर म्हटला की आपलं वाटलेलं आत ठेवायचं आणि चालणारं बाहेर काढायचं, हे यांना शिकवलं कोणी? आम्हीच. मी पंधरा वर्षं दुसरं काय केलं?

सायलीचा कागद तिने शेवटी ठेवला होता. ताटातला गोड घास ठेवतात तसा. सायली वाचणारी होती. वर्गात बाकीचे खिडकीबाहेर बघत असताना ही एकटी पुस्तकाकडे अशी बघायची, की वाचून दाखवणारीला आपण बरं वाचतो असं वाटावं. तिचे आईबाप, धुळाजी आणि सुभद्राबाई, दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे ते चैत्र संपता संपता परत. पाचवीपर्यंत ही त्यांच्याबरोबर फडाफडातून हिंडली. पाचवी झाली तरी तिला धड जोडाक्षर येत नव्हतं. सहावीत मंजुषाने तीन खेपा घालून, सुभद्राबाईच्या चुलीपुढे बसून तिला शाळेच्या हंगामी वसतिगृहात ठेवून घेतलं. तीन वर्षं. आता ती वर्गात पहिल्या पाचांत होती. आज हजेरीला तिचा बाक रिकामा होता, कागद तेवढा भागवतकडे पाठवला होता; आईबापांना निरोप द्यायला गेली असेल, दुपारपर्यंत ट्रंक घेऊन वसतिगृहात येईल, असं मंजुषाने धरून चाललं होतं.

‘तीनशे अकरा बरोबर वागली. बाकी सगळे घंटा झाली की जेवतात आणि त्यांना वाटते आपण सुखी आहोत. आईपासून मुलाला तोडून त्याला किती चांगले ठेवले तरी ते चांगले नसते. हे पुस्तक मी सुट्टीत तीन वेळा वाचले. भिंतीपलीकडे आई आहे का हे तिला माहीत नव्हते. मला तर माझी आई कुठे असते ते माहीत आहे. म्हणून मी या वर्षी वसतिगृहात राहणार नाही, टोळीबरोबर जाणार आहे. मॅडम, हे मला तुमच्यामुळे कळले.’

तिने ते दोनदा वाचलं. मग खिडकीशी जाऊन उभी राहिली, परत आली, पुन्हा वाचलं... आणि तिला जो संताप आला तो कोणावर काढावा हेच कळेना. एक्केचाळीसांत एकीने, फक्त एकीने, ती गोष्ट जशी वाचायला हवी तशी वाचली होती — आणि ती निघाली होती ऊस तोडायला! टोळीबरोबर गेलेली नववीतली मुलगी परत येते ती बहुतेक वेळा सोयरीक ठरवूनच. मागच्या वर्षी दोघी गेल्या, एकीच्या मांडवात मंजुषा जेवूनही आली होती. चांगलं वाचलंस गं बाई. पैकीच्या पैकी.

पंडित सरांना अर्ध्या तासात येते म्हणून सांगून ती, टोळ्यांचे ट्रॅक्टर जिथून सुटतात, त्या फाट्याकडे निघाली. ऊन चढलं होतं. चालताना तिला — नको असताना — आष्टीचा स्टँड आठवला. मी तर दहाच वर्षांची होते. मामाकडे बीडला शिकायला ठेवलं, चांगल्यासाठीच ठेवलं; आई गाडीत बसवून खाली उतरली आणि सरळ चालत गेली, एकदाही मागे न बघता, आणि खिडकीतून तिची फक्त पाठ... पण शिकले की नाही? शिकले म्हणून तर आज इथे उभी आहे. त्या शनिवारी शेवटचं पान वाचताना आवाज फुटेना झाला, तेव्हा फळ्याकडे तोंड करून उभी राहिले ती गोष्ट वेगळी.

फाट्यावर दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर उभा होता. गोधड्यांची गाठोडी, पातेली, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर, पोत्यावर, सायली.

“आल्या का मॅडम!” सुभद्राबाई धावतच आली. “आता तुमीच सांगा हिला. रातीपासून घसा कोरडा पडला माझा. म्हणती, न्हाई न्हेलं तर मागनं चालत येईन. पुस्तकात लिवलंय म्हणं.”

धुळाजी दोरी आवळत होता. मान वर न करता म्हणाला, “पुस्तक तुमीच दिल्तं न्हवं? मग तुमीच उतरवा.”

“धुळ्या, पोरगी येतीय का राहातीय, ठरव बे एकदाचं,” टोळीचा मुकादम नाथा पुढून ओरडला. “लई लांब जायचंय.”

“सायली, खाली उतर,” मंजुषा म्हणाली. “दहावी दीड वर्षावर आली. हा काय वेडेपणा?”

सायली उतरली नाही. वरूनच म्हणाली, “मॅडम, मी लिवलेलं वाचलं का तुमी?”

“वाचलं.”

“चुकलंय का?”

चुकलं असतं तर किती सोपं होतं! वेळेचे महत्त्व लिहिलं असतंस तर आज वसतिगृहात गुमान जेवली असतीस. चार माणसं मंजुषाकडे बघत होती, ट्रॅक्टर धुरकटत होता, आणि तिला स्पष्ट दिसत होतं की आता वाद घातला तर ही पोर जिंकणार, कारण वाद घालायला तिला मीच शिकवलंय. एकच वाक्य होतं जे चाललं असतं. जूनपासून ज्या वाक्याशी भांडले तेच.

“अगं, ती गोष्ट आहे,” ती म्हणाली. “खुर्चीत बसून कोणीतरी रचलेली. खरं नसतं ते काही.”

“मग वाचताना तुमचा आवाज कावून बसलता?”

“सर्दी झाली होती मला.”

“असं व्हय,” सायली म्हणाली. आणि उतरली. रडली नाही, हट्ट केला नाही. चाकावर पाय देऊन उतरली आणि चपला शोधून पायात घातल्या. सुभद्राबाई सुटल्यासारखी हसली, भाकरीचं फडकं तिच्या हातात कोंबलं, म्हणाली, “मॅडम म्हणतेत तसं वागायचं, हां,” आणि लगेच तोंड फिरवून पातेली सारखी करायला लागली, सारखी करतच राहिली. धुळाजीने ट्रंक खाली दिली. ट्रॅक्टर हलला तेव्हाही सुभद्राबाई वळली नाही.

जिंकले, असं मंजुषाने स्वतःला सांगून पाहिलं. पोरगी दहावी होईल. नर्सिंगला जाईल, कदाचित बीडला, कदाचित त्याहून पुढे. मी चूक केलेली नाही. चूक नाही म्हणजे नाही. सायली ट्रंक घेऊन तिच्या दोन पावलं मागून चालत होती. दे इकडे, म्हणून मंजुषाने हात पुढे केला तर तिने नुसती मान हलवली. भांड गं माझ्याशी, तिच्या मनात आलं, काहीतरी बोल, खोटारडी म्हण. सकाळपासून ज्यांच्या ज्यांच्यावर चिडत आले, त्यांच्यातलं कोणीही आता चिडायला पुरेना — ना पंडित सर, ना भागवत, ना ती सतरा पोरं. त्यांनी निदान कोणाचं वाचलेलं खोटं तरी ठरवलं नव्हतं.

शाळेचं फाटक दिसायला लागलं तेव्हा मागून आवाज आला, अगदी साधा, वर्गात विचारतात तसा.

“मॅडम, खरं असलेलं एखादं पुस्तक हाय का आपल्या कपाटात?”

होती की... थोरांची चरित्रं होती, जलसंधारणाच्या यशोगाथा होत्या, योगासनांचं एक चित्रांसकट होतं. सगळी कपाटं मनातल्या मनात उघडून झाली. तेच एक खरं होतं गं, हे वाक्य जिभेवर आलं होतं. पण अजून ट्रॅक्टरचा आवाज ऐकू येत होता, पोरीचे पाय धड होते, धावली असती तर गाठलाही असता.

“बघते,” ती म्हणाली — आणि आपण बघणार नाही, या पोरीच्या हातात पुन्हा एखादं पुस्तक द्यायची आपल्याला भीती वाटते आहे, हे तिला इतकं लख्ख कळलं की ती चालता चालता थांबली. सायलीही थांबली, दोन पावलं मागे, मॅडम निघायची वाट बघत.