अंगठा लगेच येतो

"हिचा डाव येईस्तोवर माझी भाकर करपती बाई रोज," मालनबाई पुटपुटल्या. माईक चालू आहे हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. भांडगावच्या चुलीपुढचं ते पुटपुटणं शिक्रापुरात तहमीनाच्या कानात असं उमटलं, जणू मावशींनी तिच्या खांद्यावर हनुवटीच टेकलीय.

"मावशी, माईक," तहमीना म्हणाली.

"अगं बया! ऐकू गेलं व्हय? म्या नेटला बोलले गं, हुसेनबीला न्हाई. मेलं नेट!"

"नेटच," दौंडवरून तहमीनाची भावजय महेजबीन म्हणाली.

"नेटच हाय," तहमीनानंही री ओढली.

ज्या हुसेनबीवरून हे चाललं होतं ती, म्हणजे तहमीनाची अम्मा, दौंडच्या घरी पलंगावर फोन धरून गप्प बसली होती. फोनवरच्या लुडोत तिच्या फोटोभोवतीचं हिरवं कडं सरकत सरकत संपलं आणि गेमनं आपल्याच मनानं तिची सोंगटी हलवली. असं तीनदा झालं की गेम माणसाला डावातून उठवतो. त्या संध्याकाळी तिला उठवलंच.

"गेलं बग नेट," हुसेनबी म्हणाली.

चौघींच्या ग्रुपवर लगोलग तीन अंगठे आले.

ह्या लुडोचा घाट तहमीनानंच घातला होता. हुसेनबीनं उभी हयात यवत, केडगाव, भांडगाव अशी गावोगाव फिरून बांगड्या भरल्या. बाईचा हात हातात घेतला की माप सांगायची. मालनबाईंच्या लग्नाचा चुडा तिनंच भरला, तेव्हापासूनची ही मैत्री. दुपारच्या उन्हात मालनबाईंच्या ओसरीवर खडूनं पट आखायचा, चिंचोके फोडून फासे करायचे आणि बांगड्यांची पेटी मांडीशी घेऊन खेळत बसायचं. हुसेनबीपुढं कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाही. पुढं गुडघ्यांनी दगा दिला, फिरणं सुटलं आणि बोलणारी बाई आढ्याकडं बघत बसायला लागली. तेव्हा तहमीनानं चौघींच्या फोनमध्ये गेम घातला. अम्मा आणि मालनमावशी एकीकडं, नणंद-भावजय दुसरीकडं. घरात बोली दखनी, पण मावशी असतात म्हणून डाव मराठीतच, शिव्यांसकट. वर्षभर दोघी म्हाताऱ्यांनी दोघी तरण्यांना धूळ चारली.

आणि आता हा लॅग, म्हणजे नेट अडकून डाव मागं पडणं.

"मला नगं आता ह्यो खेळ," एके दिवशी हुसेनबी म्हणाली. "सारकं उठीवतंय. पंगतीतनं उठीवल्यावानी वाटतं."

तिथं तहमीना हट्टाला पेटली. शिक्रापुरात ती कंपनीच्या पोरांची खानावळ चालवत होती. भर पंगतीत सिलिंडर संपला तरी कुणाला उपाशी उठू न देणारी बाई ती. तिची आई डावातून उपाशी उठते म्हणजे काय? डाव बंद पडू द्यायचा नाही, एवढं तिनं मनाशी बांधलं.

आधी तिनं सिमकार्ड बदलून दिलं. फरक नाही. मग स्वतःचा चांगला फोन अम्माला दिला आणि तिचा काच तडकलेला स्वतःला घेतला. तरीही नाही. मग तिनं गेमच्या फोरमवर तक्रार घातली. फोरम म्हणजे आपला पारच, फक्त पारावरचा माणूस समोर बसून निदान जांभई तरी देतो. तिनं मराठीत लिहिलं, 'माझ्या आईचा डाव रोज अडकतो. म्हातारं माणूस आहे. कृपा करून लॅग काढा.' दुपारची भांडी होईपर्यंत तिच्या तक्रारीखाली अंगठ्यांचा ढीग पडला. तहमीना हरखली. खानावळीत मीठ बरोबर पडलंय एवढ्यावरसुद्धा चार माणसांचं एकमत होत नाही, आणि इथं अख्खा मुलूख तिच्या बाजूनं! पोळ्या लाटता लाटता पिठाच्या बोटानं ती अंगठे बघत राहिली.

दोन दिवसांनी तिच्या लक्षात आलं, की अंगठे वाढतायत आणि अम्मा उठतेच आहे.

त्या सगळ्या ढिगाखाली एकाच माणसानं सवाल केला होता. नाव नव्हतं, फोटोच्या जागी एक मांजर. 'बाकीच्या खेळणाऱ्यांचा डाव पण अडकतो का?' त्या सवालाला एकही अंगठा नव्हता.

तहमीनानं तो वाचला, परत वाचला. उत्तर एका शब्दाचं होतं. तिनं त्याच्यावर एक अंगठा ठेवला आणि फोन पिठाच्या डब्याआड उलटा घातला.

इकडं दौंडच्या घरात लॅग नुसत्या फोनपुरता राहिला नव्हता. कालवणात मीठ दोनदा पडलं, तेव्हा भाऊ मुजीब हसत म्हणाला, "अम्माच्या कालवणाला डबल नेट आलं." दूध उतू जाऊन गॅस विझला आणि वास घरभर झाला, तेव्हा महेजबीननं खिडक्या उघडल्या आणि ग्रुपवर लिहिलं, 'आज आमच्या गॅसला लॅग.' त्यावरही अंगठे पडले. महेजबीन आणखी काय लिहिणार? सासूचं विसरणं सुनेनं बोलून दाखवलं की सूनच वाईट ठरते. मुजीबनं म्हणावं तर तो लेक. मालनबाईंनी म्हणावं तर ती मैत्रीण. आणि तहमीना लांब होती. लांबच्या माणसाला फार सोयी असतात.

पण गॅसच्या त्या अंगठ्यांनी तिला झोप लागू दिली नाही. तिनं दौंडच्या केबलवाल्याचा पिच्छा पुरवून घरात फायबर घालून घेतलं. "ताई, आता ह्यात लॅग ऱ्हाणार न्हाई. ऱ्हायला तर माझं नाव बदला," तो फोनवर छातीठोकपणे म्हणाला. ऐकून बरं वाटायला हवं होतं. तहमीनानं मात्र फोन ठेवला आणि मळलेली कणीक पुन्हा मळायला घेतली.

रविवारी तिनं खानावळीला कुलूप घातलं आणि न्हावऱ्यामार्गे एसटीनं चौफुल्याच्या फाट्यावर उतरली. तिथं मालनबाई झेंडूची पिशवी घेऊन उभ्याच होत्या. दौंडपर्यंत दोघी शेजारी बसल्या. एरवी मावशींची जीभ टाळूला लागत नाही. त्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, "नेट चांगलं बसिवलंय न्हवं?"

"एकदम चांगलं."

"मग झालं," म्हणून मावशी खिडकीबाहेर बघत बसल्या.

जेवणं उरकली आणि चौघी एकाच खोलीत, एकाच सतरंजीवर, आपापला फोन घेऊन बसल्या. भिंतीवर फायबरच्या नव्या डबीचा हिरवा दिवा पापणी न हलवता जळत होता. हुसेनबीनं मैत्रिणीचा हात ओढून मनगट चाचपलं. "वाळली गं तू. दोन-सहाच्या बांगडीची व्हतीस, आता दोन-चार बी ढिली व्हईल."

"तुला ते बरं ध्यानात हाय!" मावशी हसल्या, आणि हसता हसता थांबल्या.

डाव सुरू झाला. तहमीनाचा फासा पडला, तिची सोंगटी टणाटण उड्या मारत गेली. मावशींची गेली. महेजबीनची गेली. मग हुसेनबीच्या फोटोभोवती हिरवं कडं आलं आणि सरकायला लागलं.

हुसेनबी पडद्याकडं बघत होती. अंगठ्याशेजारचं बोट हवेत होतं, शेतातल्या वाटेवर दोन फाटे फुटल्यावर माणूस थांबतं तसं. "ह्यातल्या माझ्या कंच्या?" ती हळूच म्हणाली.

"नेट अडकलं वाटतं," महेजबीन म्हणाली. सवयीनं.

मावशींनी डबीकडं पाहिलं. "दिवा तर लागलाय की," त्या बोलून गेल्या, आणि जीभ चावून त्यांनी घाईघाईनं गेममधला अंगठा दाबला. धीर द्यायला त्या रोज दाबायच्या, तसाच.

अंगठा चारही फोनांवर एकदमच उगवला, नाचला आणि विरला. हिरवं कडं संपलं. गेमनं हुसेनबीची सोंगटी हलवली.

हुसेनबीनं फोन मांडीवर ठेवला. बांगड्या भरायला बसताना बसायची तशी ती ताठ बसली.

"मालन, ह्यो अंगठा तू दाबलास?"

"व्हय."

"लगीच आला की गं."

हुसेनबीनं तिघींकडं आळीपाळीनं बघितलं.

"अंगठा लगीच येतोय, तुमचे डाव लगीच येत्यात. मग एकटा माझाच डाव कसा अडकतो?"

"अम्मा, डबी नवी हाय, गरम झाली आसंल..." महेजबीननं सुरुवात केली.

"तू गप गं पोरी. तुझा काय दोष न्हाई." हुसेनबीचा आवाज चढला नाही. "म्या बी म्हनले नेट. म्या सगळ्यांच्या आदी म्हनले. मला वाटलं, एकादं तरी म्हनंल, की न्हाई, नेट न्हाई. तर तुमी समदे अंगठंच दाखवीत बसला. बोट कुनीच दाखीवलं न्हाई."

मावशींनी पदर तोंडाला लावला. महेजबीन सतरंजीचा दोरा ओढत राहिली. पडद्यावरचं कडं आता तहमीनाभोवती फिरत होतं. ते संपलं, गेमनं तिची सोंगटी हलवली, पण तिनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. तिला पिठाच्या डब्याआड उलटा घातलेला फोन आठवला, आणि मांजराचा तो सवाल.

"तहमीना," अम्मा म्हणाली. "एवढ्या लांबनं आलीस. तू सांग. नेट कसं हाय?"

तहमीनानं फोन खाली ठेवला. सरकून ती पलीकडं गेली आणि आईचं मनगट हातात धरलं, माप घेतल्यासारखं.

"नेट चांगलं हाय, अम्मा," ती म्हणाली. "इसरतीयास तू."