द्वारकाबाईंची कंप्रेसर

करमाडच्या कडूबांनी मर्सिडीज घेतली तेव्हा गाव आधी हसलं, मग बघायला आलं. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची मोसंबीची बाग गेली होती, हातात मोबदला आला होता, आणि माणूस आयुष्यभर सायकल नाहीतर बैलगाडीवर फिरलेला. चंदेरी रंगाची लांबलचक गाडी पुण्याहून येऊन दारात उभी राहिली. तिच्या अंगावर इंग्रजी अक्षरांत ‘कोम्प्रेसर’ असं लिहिलेलं होतं. शाळेतल्या पोरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि पारावर एकच हशा पिकला. आपल्याकडं कंप्रेसर म्हणजे बोअर मारायची गाडी.

“कडूबा, किती फूट बोअर मारती रं तुझी गाडी?” लोक विचारायचे.

“पाणी लागंपर्यंत,” कडूबा म्हणायचे.

पुढं साखरेच्या आजारानं त्यांची नजर मंदावली. तेव्हा त्यांनी बायकोला, द्वारकाबाईंना, गाडी शिकवली. बागेची जागा कंपन्यांसाठी सपाट केली होती, अजून कुणी काही बांधलं नव्हतं. त्या मोकळ्या मैदानात द्वारकाबाई पदर खोचून गोल गोल गाडी फिरवायच्या आणि डावीकडं बसलेले कडूबा ओरडायचे, “बैल नाय ती! हाय हाय करू नको, पायानं सांग!” त्या शिकल्या, परवाना काढला. शेवटची काही वर्षं नवऱ्याला दवाखान्यात, लग्नाकार्यात, वेरूळला घृष्णेश्वराला त्यांनीच फिरवलं. कडूबा गेले तेव्हा गाडीचं काय करायचं असं कुणी विचारलं नाही. ती द्वारकाबाईंची होती.

मात्र गाडीलाही वय होतंच. त्या हिवाळ्यात पिशोरला नात्यातलं लग्न होतं. द्वारकाबाई जाऊबाई साळूबाईंना घेऊन गेल्या, आणि द्वारकाबाईंचा मुलगा रामकिसन बायकोपोरांना घेऊन स्वतःच्या नव्या, उंच, डिझेलच्या गाडीतून आला. परतताना चढावर द्वारकाबाईंनी पाय दाबला तर गाडी नुसतीच कण्हली. मागून रामकिसन आला आणि बघता बघता पुढं निघून गेला. नातवंडांनी मागच्या काचेतून हात हलवले.

“गेला की गं,” साळूबाई म्हणाल्या.

“दिसलं मला,” द्वारकाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी रामकिसननं विषय काढलाच. तो वाईट पोरगा नव्हता. आईनं एवढ्या जुन्या गाडीत एकटीनं हिंडू नये, एवढंच त्याचं म्हणणं.

“आई, दमली ती आता. एकजण मागतोय. देऊन टाकू, तुला छोटी नवी घेऊ.”

“मी दमले का?”

“तुझं कुठं म्हणतोय मी?”

“मग तिचं बी म्हणू नको.”

दुसऱ्या दिवशी त्या चिकलठाण्याला दाऊदभाईंच्या गॅरेजवर गेल्या. कडूबांची गाडी पहिल्यापासून तिथंच यायची. दाऊदभाई आता थकले होते, मोतीबिंदूनं डोळे अधू झाले होते. ते दाराशी खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकत. गॅरेज चालवायची त्यांची मुलगी जाहेदा. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन ती काही वर्षं वाळूजच्या कारखान्यात लेथवर होती. मग नोकरी सोडून बापाच्या गॅरेजात आली आणि सोबत एक जुना लेथही घेऊन आली. आधी गिऱ्हाइकं तिला बघून म्हणायची, “दाऊदभाई कुठंयत?” आता दाऊदभाईंना बघून म्हणतात, “जाहेदाबाजी कुठंयत?”

जाहेदानं गाडी तपासली. हवेचा एक पाइप चिरलेला होता, पट्टा सैल होता, प्लग संपले होते. तिनं सगळं बदललं. द्वारकाबाई जालना रोडवर एक चक्कर मारून आल्या.

“कशी वाटली, मावशी? पहिल्यासारखी झाली ना?”

“झाली,” द्वारकाबाई म्हणाल्या. “पण मला पहिल्यासारखी नको. पहिल्यापरीस जोरात पाहिजे.”

जाहेदा हात पुसता पुसता थांबली. दाऊदभाई खुर्चीतून हसले. “वहिनी, कुणाला हरवायचंय?”

“कुणाला नाय. तिला दमली म्हणले, ते मला पटलं नाय.”

जाहेदानं बॉनेटखाली हात घालून दाखवलं. इंजिनाच्या बाजूला एक पंखाच म्हणावा असा डबा होता. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायचा. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. गाडीच्या अंगावरचं नाव त्याचंच होतं. तो डबा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरायचा.

“डब्याची ही पुली बघा. हिच्यावरून पट्टा जातो. ही लहान केली तर...”

“तर पंखा जोरात फिरंल,” द्वारकाबाई म्हणाल्या. “मळणीयंत्राला आम्ही तसंच करायचो. पण एकदा लई लहान बसवली, तर दाण्याचं पीठ झालं.”

“बस, तेवढंच सांभाळायचंय,” जाहेदा म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. एवढी चांगली गाडी आणि एवढी मोकळीक तिला आजवर कुणी दिली नव्हती.

त्या हौसेपायीच पहिल्या खेपेला घोळ झाला. जाहेदानं लेथवर नवी पुली कातली. सुंदर झाली होती, आरशासारखी. पट्टाही आखूड आणला. पण पुली हवी त्याहून लहान होती, आणि बाकी काही न बदलता ती बसवून बघायची घाई तिला आवरली नाही. तिघं गाडी घेऊन करमाडकडं निघाले. द्वारकाबाई चाकावर, जाहेदा शेजारी, दाऊदभाई मागं. सुरुवातीला गाडी अशी सुटली की द्वारकाबाई मोठ्यानं हसल्या. डब्याचा आवाज शिट्टीसारखा चढत गेला. मग त्या शिट्टीखालून बारीक टकटक ऐकू यायला लागली. पत्र्याच्या डबीत गोट्या हलवाव्यात तशी.

“पाय काढा वहिनी! बाजूला घ्या!” दाऊदभाई मागून ओरडले. “जाहेदा, बंद कर!”

गाडी कडेला थांबली. बॉनेटमधून धग येत होती. जाहेदा खाली मान घालून उभी राहिली.

“हवा दी तूने,” दाऊदभाई शांतपणे म्हणाले, “पर थंडी नै दी. और पेट्रोल भी उतनाच रखा. इंजन क्या करेगा बेटा?”

“माहीत होतं मला, अब्बा,” ती म्हणाली. “माहीत असून केलं.”

गाडी ओढून गॅरेजात आणली. जाहेदानं इंजिन उघडून आत बघितलं. नशिबानं काही बिघडलं नव्हतं. तिनं जुनी पुली हातात घेतली.

“मावशी, जशी होती तशी करून देते. माझ्या हौसेपायी तुमच्या गाडीचं वाटोळं झालं असतं.”

द्वारकाबाई स्टुलावर बसल्या. “आमच्या मालकांनी पहिल्यांदा मोसंबी लावली तेव्हा सगळी रोपं जळाली. बाग उपटायची म्हणत बसले होते. मी म्हणलं, रोपं जळाली, जमीन नाय जळाली. दुसरी लावा. तुला काय लागतं ते सांग.”

जाहेदानं मग सबुरीनं काम केलं. आधीच्या दोन मापांच्या मधली पुली कातली. दाबलेली हवा तापते, तिला गार करायला पुढच्या बंपरमागं एक मोठी जाळी असते. तिच्या जागी दुप्पट रुंदीची बसवली, त्यासाठी बंपर आतून कापून पुन्हा जोडला. पेट्रोल जास्त सोडणारे इंजेक्टर टाकले. धुराचा पाइप रुंद आणि सरळ केला. दाऊदभाई रोज इंजिन चालू करायला लावायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि आवाजाच्या दिशेनं बोट दाखवून म्हणायचे, “यहाँ.” तिथं खरंच एखादी पट्टी सैल निघायची.

शेवटी इंजिनाच्या संगणकाला नवं गणित शिकवायचं राहिलं. त्यासाठी जाहेदानं गाडी पुण्याला नेली. तिथं एका माणसाकडं रुळांचं यंत्र होतं. गाडी त्यावर बांधून जागच्या जागी पळवायची आणि ताकद मोजायची. द्वारकाबाई अर्थातच सोबत गेल्या. कानावर पदर दाबून त्या काचेमागं उभ्या राहिल्या. चाकं फिरली, आवाज चढला, आणि पडद्यावरची रेघ वर वर जात राहिली. गाडी कंपनीतून निघाली तेव्हा ताकद होती एकशे चौऱ्याऐंशी घोड्यांची. पडद्यावर आकडा थांबला दोनशे एकतीसवर. टकटक नाही, धग नाही.

पुण्याच्या माणसानं गाडीभोवती एक फेरी मारली. “पुली कुठून मागवली? परदेशातून?”

“चिकलठाण्याहून,” द्वारकाबाई म्हणाल्या.

त्याच महिन्यात शहरातल्या गाडीवाल्या पोरांच्या एका क्लबनं शेंद्र्याजवळ शर्यत ठेवली होती. वसाहतीच्या नव्या भागात चार पदरी रस्ता तयार होता, वाहतूक अजून सुरू व्हायची होती. परवानगी, पोलीस, रुग्णवाहिका, सगळं रीतसर. दोन-दोन गाड्या शेजारी सोडायच्या. रामकिसननं नाव दिलं होतं. त्याच्या आईनंही दिलं, आणि जोडी त्याच्याशीच मागितली.

“आई, लोक काय म्हणतील?”

“म्हणू दे. मी पुढं गेले तर गाडी विकायची गोष्ट पुन्हा काढायची नाय.”

“अन् मी गेलो तर?”

“तर तू काढ, मी ऐकून घेईन.”

शर्यतीच्या सकाळी जाहेदा आणि द्वारकाबाई रस्ता बघायला पायी निघाल्या. करमाडची अर्धी माणसं आली होती. साळूबाई तर छत्री आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. निम्म्या वाटेवर द्वारकाबाई थांबल्या. दोन्ही बाजूंना कुंपण घातलेले मोकळे भूखंड, दूर एका कारखान्याची निळी भिंत. त्यांनी डांबरावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर पाय ठेवला.

“इथं आमची विहीर होती. तिथून पुढं मोसंबी. त्या खांबापतुर.”

जाहेदानं त्या खांबापर्यंत नजर टाकली. “वाईट वाटतं का मावशी?”

“वाटायचं,” त्या म्हणाल्या. “आज नाय वाटत. आज माझ्या वावरातून माझी गाडी पळणारंय.”

हेल्मेट घालताना अंबाडा आड आला, तो जाहेदानं सोडून वेणी घातली. “सुटताना एकदम दाबू नका, चाकं जागीच फिरतील. रामकिसनभाऊंची गाडी चारी चाकांनी ओढती, ते आधी पुढं जातील. जाऊ द्या. गाडीनं रस्ता धरला की मग द्या.”

झेंडा पडला. झालंही तसंच. रामकिसनची उंच गाडी उसळी मारून पुढं गेली आणि करमाडच्या घोळक्यातून “हाऽऽ” असा निराश सूर उमटला. द्वारकाबाईंनी पाय हळू उतरवला. गाडीनं रस्ता धरला. मग त्यांनी पाय पुरता खाली नेला.

शिट्टी उठली. पाठ गादीत रुतली. विहीर, बाग, बांध सगळं क्षणात मागं गेलं. डाव्या काचेत रामकिसनच्या गाडीचा मागचा दिवा आला, मग दार, मग रामकिसनचा चेहरा. तो वळून आईकडं बघत होता, तोंड उघडं टाकून. मग तो चेहराही मागं गेला, आणि समोर नुसता रस्ता राहिला. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा रामकिसन गाडीभर मागं होता.

दाऊदभाईंना दिसलं काहीच नव्हतं. पण ते खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. “टकटक नै,” ते शेजारच्याला सांगत होते. “सुना क्या? एक भी टकटक नै. मेरी बेटी का काम है.”

त्या दिवशी द्वारकाबाई पहिल्या आल्या नाहीत. पुढच्या फेरीत नाशिकच्या एका पोराच्या गाडीनं त्यांना सहज मागं टाकलं, आणि त्यांनी खिडकीतून हात काढून त्याला शाबासकी दिली. पण घोळका जमला तो त्यांच्याच गाडीभोवती. पोरं बॉनेट उघडून बघत होती, फोटो काढत होती. रामकिसन गर्दीतून वाट काढत आला. सगळ्यांसमोर वाकून आईच्या पाया पडला.

“विकायचं नाव काढणार नाय,” तो म्हणाला. मग वळून मोठ्यानं म्हणाला, “आई हाय माझी! करमाडच्या कडूबांची ही गाडी!”

“गाडी त्यांची,” द्वारकाबाई म्हणाल्या, “ताकद हिची.” त्यांनी जाहेदाचा काळपट हात धरून तिला पुढं ओढलं. “काय विचारायचं ते हिला विचारा. चिकलठाण्याला गॅरेज हाय.”

पोरांनी जाहेदाला गराडा घातला. पुली कुठली, जाळी केवढी, पट्टा किती आखूड. ती आधी बिचकत आणि मग चांगली खुलून उत्तरं देत होती. साळूबाई कधीच पुढच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या आणि मला बी एक चक्कर पाहिजे म्हणत होत्या. ऊन कलल्यावर गर्दी पांगली, तेव्हा द्वारकाबाईंनी जाहेदाला बाजूला घेतलं.

“त्या नाशिकच्या पोराची लई पळती गं. हिच्यातून अजून निघंल का काही?”

जाहेदानं गाडीकडं पाहिलं, मग अब्बांकडं. दाऊदभाई गालात हसत होते.

“निघंल मावशी,” ती म्हणाली. “पण आधी ब्रेक बदलू.”