चुकांची पेटी

मुखपृष्ठावरच्या परिचारिकेने दात दाखवून हसावं की नुसतं प्रसन्न दिसावं, या वादात समितीची अख्खी सकाळ गेली. आरोग्यसेवेचा दर्जा सुधारायचं राष्ट्रीय धोरण लिहायला ही सगळी जाणती मंडळी जमली होती, आणि टेबलाच्या टोकाला थोरली त्यांच्या नावाने मनातल्या मनात बोटं मोडत बसली होती.

थोरली भूलतज्ज्ञ होती. अर्धं आयुष्य लोकांना झोपवून परत उठवण्यात गेलेलं. या मंडळींना झोपवायला तिची आजही हरकत नव्हती, उठवायची मात्र अजिबात इच्छा नव्हती. घरात दोन सुना, त्यातली ही थोरली. धाकटी जाऊ त्याच सरकारी इस्पितळात परिचारिका होती, त्यामुळे घरातली ही नावं वॉर्डातही जाऊन पोचली होती.

त्या जाडजूड धोरणात थोरलीला एकच वाक्य हवं होतं. बाकी काय वाटेल ते घाला, फुलं काढा, नकाशे काढा, तिचं काही म्हणणं नव्हतं. वाक्य असं होतं: ‘स्वतःहून चूक कळवणाऱ्या कर्मचाऱ्यावर, ती कळवली म्हणून कारवाई होणार नाही.’ एवढं एक वाक्य राहिलं तर धाकटीची नोकरी वाचणार होती.

झालं होतं असं. धोरण देशभर लागू करण्याआधी कुठेतरी करून बघायचं, म्हणून समितीने आपल्याच सदस्याचं, थोरलीचं इस्पितळ निवडलं. वॉर्डावॉर्डात चुकांच्या पेट्या बसल्या. ज्याच्या हातून चूक झाली, किंवा होता होता राहिली, त्याने चिठ्ठी लिहून आत टाकायची. थोरलीने परिचारिकांना गोळा करून समजावलं, “अगं बायांनो, चूक कोणाची ते आम्हाला नकोच आहे. ती का झाली ते कळलं, तर पुढच्या पेशंटचा जीव वाचेल. नाव लिहा, म्हणजे आम्हाला येऊन विचारता येईल. तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही, मी आहे ना.”

पेट्या उपाशीच राहिल्या. परिचारिका काही दुधखुळ्या नव्हत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांना कोणत्याही समितीने शिकवायची गरज नव्हती. चिठ्ठी टाकली ती एकट्या धाकटीने, कारण शब्द तिच्या जावेने दिला होता आणि घरच्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणाच्या ठेवायचा?

तिने सगळं लिहिलं. पावडरचं औषध कालवायला पाणी घ्यायचं होतं. पाण्याच्या आणि पोटॅशियमच्या कुप्या सारख्याच उंचीच्या, सारख्याच निळ्या अक्षरांच्या, आणि एकाच ट्रेमध्ये शेजारी शेजारी. तिने भलतीच कुपी फोडली. पोटॅशियम तसंच शिरेत गेलं असतं तर पेशंटचं हृदय तिथल्या तिथे थांबलं असतं. सुई नळीला लावता लावता तिचं रिकाम्या कुपीवर लक्ष गेलं आणि तिने हात मागे घेतला. पेशंटला काही झालं नाही, त्याला तर पत्ताही नव्हता. खाली तिने स्वतःचं नाव लिहिलं, आणि ‘कुप्या वेगळ्या ठेवाव्यात’ असंही लिहिलं.

अधीक्षकांनी चिठ्ठी वाचली आणि कुप्या तिथेच ठेवून धाकटीला निलंबित केलं. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय. थोरली त्यांच्या खोलीत जाऊन भांड भांड भांडली. अधीक्षक म्हणाले, “डॉक्टर, एवढी गंभीर चूक लेखी कबूल केल्यावर मी डोळ्यांवर कातडं ओढून बसू का?” चौकशी अधिकारी त्या मानाने भला माणूस निघाला. त्याने थोरलीला बाजूला घेऊन सांगितलं, “तुमच्या त्या राष्ट्रीय धोरणात स्पष्ट लिहून आणा. त्याच्या आधारावर मी फाईल बंद करतो. नुसत्या माणुसकीवर फाईल बंद होत नाही हो.”

म्हणून ती आज इथे होती, परिचारिकेचे दात मोजत.

दुपारी एकदाचं ते वाक्य चर्चेला आलं. विधी सल्लागारांनी चष्मा पुसला. “असं लिहिलं तर लोक खुशाल चुका करतील, चिठ्ठी टाकतील आणि सुटतील.”

“चुका तर लोक आजही करतात,” थोरली म्हणाली. “फक्त आपल्याला कळत नाहीत. नशेत आलेल्याला सोडा असं मी म्हणतच नाहीये. पण जी प्रामाणिकपणे येऊन सांगते, तिलाच धरून फटके मारले तर उद्या सांगेल कोण?”

समितीचे सचिव लगेच म्हणाले, “परिशिष्टात घेऊ या का?” कुठलीही अवघड गोष्ट परिशिष्टात ढकलायची त्यांना अशी सवय होती, की मागे सगळे त्यांना परिशिष्टराव म्हणत. आत्तापर्यंत डॉक्टरांची कमतरता, औषधांचा तुटवडा आणि स्वच्छतागृहं त्यांनी तिकडेच नेऊन घातली होती.

अध्यक्षांनी घसा खाकरला. मोठे शल्यविशारद, निवृत्त झालेले, आवाज लोण्यासारखा. “बाई, मला असं कळलंय, की ज्या परिचारिकेचं प्रकरण चालू आहे ती तुमच्या घरातलीच आहे.”

“माझी जाऊ आहे. मी लपवलेलं नाही.”

“तसं कोण म्हणतंय? पण हितसंबंधांचा प्रश्न येतो. आपणच धोरणाच्या पहिल्या प्रकरणात पारदर्शकता लिहिली आहे. या वाक्यावर निर्णय होईपर्यंत तुम्ही जरा बाहेर बसलात तर बरं.”

आता बोला. धोरणातल्या पानापानावरच्या इतक्या शब्दांपैकी हा एकच शब्द त्यांनी अंमलात आणला, आणि तोही तिच्यावर. थोरलीने नियम वाचला होता आणि नियम बरोबर होता, म्हणून तर तिचा जास्त तिळपापड झाला. ती उठून कॉरिडॉरमध्ये गेली. तिथे फायलींच्या कपाटांमध्ये एक डुगडुगणारी खुर्ची होती. दारातून आवाज येत होते, मधेच कोणीतरी हसलं. आत तिच्या बाजूने बोलणारं कोणीच उरलं नव्हतं. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी संताप आला.

परत बोलावलं तेव्हा चहा आला होता आणि वाक्य परिशिष्टात गेलं होतं. तिथे ते असं झालं होतं: ‘चूक कळवणाऱ्या कर्मचाऱ्याबाबत, शक्य असल्यास, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.’

“‘शक्य असल्यास’ कशाला?” थोरलीने विचारलं.

“लवचीकता राहते,” परिशिष्टराव म्हणाले.

मग अध्यक्षांनी पडद्यावर आलेख लावला. थोरलीच्याच इस्पितळाचा. निलंबनानंतर कुठल्याही पेटीत एकही चिठ्ठी पडली नव्हती. रेघ खाली येऊन तळाला टेकली होती. “शून्य चुका,” अध्यक्ष कौतुकाने म्हणाले. “आपला प्रयोग यशस्वी झाला. हे उदाहरण आपण पहिल्याच प्रकरणात घेऊ.” मंडळींनी टेबलं वाजवली.

“अहो, पेट्या रिकाम्या आहेत कारण माणसं घाबरली आहेत,” थोरलीचा आवाज चढला. “चुका थांबल्या नाहीत, बायकांची तोंडं बंद झाली आहेत. त्या कुप्या अजून त्याच ट्रेमध्ये आहेत, सकाळी बघून आलेय मी. हे शून्य तुम्ही देशभर वाटणार आहात का?”

अध्यक्ष समजूत काढल्यासारखं म्हणाले, “बाई, तुम्ही आज दमला आहात.” इतिवृत्तात मात्र ‘प्रयोगाच्या यशाबद्दल सदस्यांनी समाधान व्यक्त केले’ एवढंच आलं. थोरलीने लेखी विरोध नोंदवला. तो सचिवांनी कुठे जोडला असेल, हे सांगायला नकोच.

परिशिष्ट बंधनकारक नसतं, असं चौकशी अधिकाऱ्याने खाली मान घालून सांगितलं, आणि धाकटीला सेवेतून कमी केल्याचा आदेश निघाला. घरी कोणी थोरलीला बोल लावला नाही. धाकटी तर रोजच्यासारखीच वागत होती, ताई चहा घेता का, ताई तुमचा डबा भरला. त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सासूबाईंनी तेवढं एकदा देवघरातून बाहेर येत म्हटलं, “चोर सोडून संन्याशाला सुळी. तुमच्या शिकलेल्यांच्या राज्यात हेच चालायचं,” आणि कोणाकडे न बघता त्या आत गेल्या.

पुढे एके संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते आणि धाकटी खासगी रुग्णालयातली मुलाखत देऊन आली. नोकरी मिळाली होती, अतिदक्षता विभागात. दिराने पाठ थोपटली, सासूबाईंनी गोड काहीतरी करायला हवं म्हणून सुनांना न सांगता स्वतःच डबे शोधायला सुरुवात केली.

“काय विचारलं गं?” थोरलीने विचारलं.

“विशेष काही नाही. तुमच्या हातून कधी औषधाची चूक झाली आहे का, असं विचारलं.”

“मग?”

“‘कधीच नाही,’ म्हटलं मी.” धाकटीने स्वतःच्या ताटात भाजी वाढून घेतली. “त्यांना फार आवडलं. अशीच माणसं हवी आहेत म्हणाले.”

थोरलीने घास ताटात ठेवला. तिने खालच्या आवाजात विचारलं, “आणि तिथे काही झालं तर? मला तरी सांगशील ना?”

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, असलीच तर थोडी दया होती.

“नाही ताई,” ती म्हणाली. “आता तुम्हालाही नाही.”

मग तिने भाजीचं भांडं थोरलीकडे सरकवलं आणि ती जेवायला लागली.