कुत्रेवाल्या काकांचे फोन

कुत्रेवाल्या काकांनी पंचवीस वर्षं एकाच जातीची पिल्लं विकली: डॅशहाऊंड. लांबलचक पाठ, वीतभर पाय आणि रंग असा तांबूस की बघणाऱ्याचा हात आपसूक पाकिटाकडे जावा. त्या रंगासाठी काका सख्ख्या भावंडांचीच जोडी लावत, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. पिल्लासोबत वंशावळीचा कागद मिळे. त्यावर आईबापांची घराणी वेगवेगळी. कागद लिहायची त्यांची थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका. अक्षर मोत्यासारखं. भाऊ सांगेल ते लिहायची.

एकदा प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काकांना दवाखान्यात बोलावून घेतलं. टेबलावर, धुण्याच्या टोपलीत एक कुत्री पडली होती. कुणीतरी पायरीवर सोडून गेलं होतं. मागचे दोन्ही पाय लुळे.

"या वर्षातली ही चौथी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चारही तुमच्याकडच्या. सगळ्यांचे मणके एकाच वयात कसे सरकतात हो, काका?"

काकांनी हात पुढे केला. कुत्रीने तो चाटला. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टोपलीसकट कुत्रीला घरी आणून त्यांनी ताईला सगळं सांगितलं. तिने वंशावळीचा एक कोरा कागद पुढ्यात ओढला. मग म्हणाली, "म्हणजे खोटं तुझं आणि अक्षर माझं."

"ताई, उद्यापासून धंदा बंद."

"आणि हात झटकून मोकळा? घरोघर गेलीत त्यांचं काय?"

त्या प्रश्नातून संस्था काढायचं ठरलं, या जातीच्या लुळ्या पडलेल्या, टाकून दिलेल्या कुत्र्यांसाठी. पिल्लांच्या खोल्या होत्याच. काकांनी गाडी विकली. ते पैसे दोन शस्त्रक्रियांतच संपले. तेव्हा ताईने गिऱ्हाइकांच्या नंबरांची वही त्यांच्यापुढे टाकली.

"फोन कर. मदत माग. पण आधी खरं सांग."

पहिला फोन काकांनी दोनदा लावून ठेवून दिला, तिसऱ्यांदा खरं सांगितलं. एकाने त्यांना कसाई म्हटलं. एकीने फोन न ठेवता नुसतं रडून घेतलं, आणि काका रिसीव्हर कानाला लावून ऐकत राहिले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर, "खरं बोललात, मोठं मन तुमचं," म्हणून घसघशीत रक्कम पाठवली. शिव्यांपेक्षा तेच जास्त लागलं. असे दोनशे दहा फोन झाले. पैसे फार तर साठ जणांनी दिले, पण वर्षाची सोय झाली.

एका शिवणवाल्या बाईंचा कुत्रा तीन वर्षांपूर्वी गेला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दोन वर्षं त्याला उचलून जिना उतरत होते मी," त्या म्हणाल्या. "वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं."

"नाही हो, बाई. चूक माझी."

"माफी मिळायची नाही तुम्हाला." पाठोपाठ त्या म्हणाल्या, "कुत्र्यांच्या पोटांची मापं पाठवा. मागचं धड उचलून धरायला पट्टे शिवते."

संस्था उघडली त्या दिवशी बाई पट्टे घेऊन आल्या. काकांकडे बघितलंसुद्धा नाही. टोपलीतल्या कुत्रीला पट्टा बांधताना फक्त म्हणाल्या, "पुढून धरा."

काका गुडघ्यांवर बसले आणि मान खाली घालून त्यांनी कुत्रीला धरलं.