पडद्यामागचा हात

दुकान विकायचं, हे परगावी राहणाऱ्या दादाने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. वडील जाऊन महिना झाला नव्हता, आणि हा चष्मेवाल्याला घेऊन दारात हजर! त्याला इथे चष्म्यांचं दुकान थाटायचं होतं. फक्त धाकटीची सही राहिली होती. ती वडिलांच्या बसक्या स्टुलाकडे बघत उभी राहिली.

त्या स्टुलावर बसून वडिलांनी चाळीस वर्षं गावाचे जोडे शिवले. चामड्याचा वास, त्यांनी दातात धरलेले खिळे, हातोडीची ठकठक, यातच ती लहानाची मोठी झाली. मग त्यांचे हात थरथरायला लागले. गिऱ्हाईक तुटेल या धास्तीने त्यांनी दुकानात मधोमध पडदा लावला. पुढे बसून ते जोडा घ्यायचे, गप्पा हाणायचे, उगाच दोन ठोके मारायचे. मागे आरी चालायची ती धाकटीची. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथच घातली होती त्यांनी. सहा वर्षं तिने मिठाची गुळणी धरली. म्हाताऱ्याच्या हाताला तोड नाही, असं गिऱ्हाईक म्हणायचं, तेव्हा आत तिला हसू यायचं आणि रागही यायचा.

दादाने समजुतीच्या सुरात सांगितलं, की लोक बाबांच्या हातासाठी यायचे, तुझ्याकडे कोण येणार? वर पाय पुढे करून बूट दाखवला.

“तीन वर्षांपूर्वी बाबांनी शिवलाय. एक टाका उसवला नाही. असा हात आहे का तुझा?”

आता मात्र तिचं डोकं फिरलं. शपथ घालणारा गेला होता, आणि ती काही कुणाच्या जिवावर जगत नव्हती.

“काढ तो बूट,” ती म्हणाली.

कोपऱ्यातला वडिलांनी तरुणपणी स्वतःसाठी शिवलेला जोडा तिने उचलला आणि बुटाशेजारी धरला. जोड्याचे टाके उजवीकडे झुकलेले होते, बुटाचे डावीकडे. दादाचा चेहरा उतरला. घरात डावखुरं कोण, हे त्याला सांगायची गरज नव्हती. डाव्या हाताने जेवते म्हणून लहानपणी यानेच तिला टपल्या मारल्या होत्या.

“तीन वर्षं माझ्याच टाक्यांवर चालतोयस, दादा.”

तिने पडदा ओढून खाली पाडला, स्टूल पुढे घेतलं आणि सगळ्या रस्त्याला दिसेल अशी बसली. आरी डाव्या हातात घेतली. मग चष्मेवाल्याला म्हणाली,

“दुकान दुसरीकडे बघा. आणि पहिला चष्मा याला द्या.”